न मोजता ‘किती’ हे कसं कळतं? आजीच्या कोंबड्या, कावळे आणि पाणपक्ष्यांचे थवे

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावी तुमच्या आजींच्या अकरा कोंबड्या आहेत. तिन्हीसांजेला खुराड्याचं दार लावताना त्या आत नुसती नजर टाकतात आणि "दोन यायच्यात अजून" म्हणतात. त्यांना मोजताना कुणी पाहिलेलं नाही. मग न मोजता संख्या कळते ती कशी? प्राण्यांनाही कळते का? आणि कावळा चारपर्यंत मोजतो असं म्हणतात, ते खरं का?

मी आकलनाच्या मानसशास्त्रात काम करते. लोकांना पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवायचे आणि "किती होते?" विचारायचं, यात माझी वीसेक वर्षं गेली. हिवाळ्यात पाणपक्ष्यांच्या गणनेलाही जाते. तिथे हाच प्रश्न ठिपक्यांऐवजी बदकांबद्दल असतो. आजींच्या कोंबड्यांकडे शेवटी येते, कारण त्यात एक मेख आहे आणि ती समजायला आधीचं सगळं लागेल.

आधी घरीच करून बघा. मूठभर चवळी घ्या. दुसऱ्या कुणाला तरी त्यातले थोडे दाणे ताटलीत टाकून वर झाकण ठेवायला सांगा. त्यांनी झाकण उचलून लगेच परत ठेवायचं, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. तीन दाणे असले तर तुम्ही "तीन" म्हणून मोकळे व्हाल. चार असले तरी बहुधा तसंच. सहा असले की मात्र थबकाल, "पाच... नाही, सहा" असं होईल. नऊ-दहा असले की तुम्ही अंदाजच सांगाल आणि तो अंदाज आहे हे तुम्हाला स्वतःलाही जाणवेल.

हा प्रयोग जुना आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी १८७१ साली स्वतःवरच तो केला, एका डब्यात घेवड्याचे दाणे फेकून, एक हजाराहून जास्त वेळा. तीन आणि चार दाण्यांना ते एकदाही चुकले नाहीत. पाचावर चुका सुरू झाल्या, आणि दहापाशी येईपर्यंत निम्म्याहून जास्त वेळा आकडा चुकत होता. पण चुकूनही ते फार लांब जात नव्हते: दहाला नऊ म्हणायचे, अकरा म्हणायचे, चार कधी म्हणायचे नाहीत. या दोन गोष्टी, चारपर्यंतची अचूकता आणि पुढची जवळपासची चूक, यांच्यावरच या विषयाची सगळी मांडणी उभी आहे.

चारपर्यंतच्या ओळखीला १९४९ साली सबिटायझिंग हे नाव मिळालं. लॅटिनमध्ये ‘अचानक’ या अर्थाचा शब्द आहे, त्यावरून ते केलं. शिकवताना मी ‘एकनजरी ओळख’ म्हणते. घड्याळ लावून पाहिलं तर फरक स्पष्ट दिसतो. एकापासून तीन-चारपर्यंत उत्तराला लागणारा वेळ जेमतेम वाढतो. तिथून पुढे मात्र दर जादा वस्तूमागे पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागायला लागतो, म्हणजे माणूस आतल्या आत मोजायला लागलेला असतो. कवड्यांचा पट खेळलेल्यांना हे अनुभवाने ठाऊक असेल. सहांपैकी तीन कवड्या उताण्या पडल्या की हात लगेच सोंगटीकडे जातो. पाच-सहा पडल्या की नजर एकदा फिरून येते. जुना खेळाडू थबकत नाही, पण तोसुद्धा सहा एकदम पाहत नसतो, तीन आणि तीन असे दोन घोळके पाहतो. फाशावरचा सहाचा आकडा ओळखणं ही आणखी वेगळी गोष्ट. तिथे ठिपक्यांची रचना ठरलेली असते, आपण अक्षर ओळखावं तसा तो आकार ओळखतो.

इथे भाषेतली एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. मराठीत माणसांसाठी आपण दोघं, तिघं, चौघं म्हणतो. पुढे? पाचजण, सहाजण. खास रूप चारापाशी संपतं. संस्कृतात एक, द्वि, त्रि, चतुर् ही संख्यानामं लिंगाप्रमाणे बदलतात: त्रयः, तिस्रः, त्रीणि, चत्वारः, चतस्रः, चत्वारि. पञ्चपासून पुढे तिन्ही लिंगांना एकच रूप. आणि लिपीतही पाहा. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात एकासाठी एक आडवी रेघ आहे आणि दोनासाठी दोन. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांत तीनासाठी तीन रेघा सापडतात. चाराला मात्र चार रेघा नाहीत, तिथे वेगळंच चिन्ह येतं. आपले आजचे २ आणि ३ त्या रेघा हात न उचलता लिहिता लिहिताच घडत गेले. चिनी लेखनातही एक, दोन, तीन या रेघा आहेत आणि चाराला दुसरं चिन्ह. हा काही प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे. प्रत्येक भाषेच्या घडणीला आपापली कारणं असतात. तरीही, चार-पाच रेघा एका नजरेत वेगळ्या ओळखू येत नाहीत ही अडचण त्या काळच्या कोरणाऱ्यालाही आली असणार, असं मला मनापासून वाटतं.

आता चारापुढचं. इथे दुसरी यंत्रणा लागते आणि तिचा नियम एका ओळीत सांगता येतो: तिला फरक दिसत नाही, प्रमाण दिसतं. एका फांदीवर ४ पोपट आणि दुसरीवर ८ असतील तर कुठे जास्त हे कुणीही सांगेल. एकीवर ५४ आणि दुसरीवर ५८ असतील तर सांगता येणार नाही. फरक दोन्हीकडे चाराचाच. पण पहिल्या जोडीत एक संख्या दुसरीच्या दुप्पट आहे, दुसऱ्या जोडीत ती जेमतेम सात टक्क्यांनी मोठी. हा जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांचा नियम. वजन, आवाज, प्रकाश यांच्या बाबतीत तो एकोणिसाव्या शतकातच माहीत झाला होता. हातात पाव किलो असताना पन्नास ग्रॅम वाढवले तर कळतात, पाच किलोच्या पिशवीत वाढवले तर कळत नाहीत. संख्येचंही तसंच आहे. धडधाकट प्रौढ माणसाला मोजायला वेळ न देता ७० आणि ८० मधला फरक बऱ्यापैकी पकडता येतो. तीक्ष्ण नजरेच्या माणसाला ९० आणि १०० मधलाही.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण मला कुठल्याही शोधनिबंधात मिळालं नाही, आपल्या बोलण्यातच मिळालं. "लग्नाला किती माणसं होती?" या प्रश्नाला आपण जोडीने उत्तर देतो: पाच-सहा, दहा-बारा, वीस-पंचवीस, चाळीस-पन्नास. "चाळीस-एकेचाळीस होती" असं कुणी म्हणत नाही, ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटेल. जोड्यांमधली दरी पाहा: एक, दोन, पाच, दहा. आकडा वाढतो तशी दरीही वाढते, आणि दरवेळी ती पहिल्या आकड्याच्या पाचव्या किंवा चौथ्या हिश्शाएवढी भरते. शंभराच्या वर गेलं की ‘शे-दीडशे’, म्हणजे दरी आणखी रुंद. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. अंदाज किती सैल आहे, याची आतली जाणीव भाषेने अशी नेमकी धरून ठेवली आहे.

ही यंत्रणा शाळेत मिळत नाही, हे तान्ह्या मुलांमुळे कळलं. फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांचा २००० सालचा प्रयोग मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना समजावून सांगते. सहा महिन्यांच्या बाळाला ८ ठिपक्यांची चित्रं एकामागून एक दाखवतात. दरवेळी ठिपक्यांची जागा वेगळी, आकार वेगळा, संख्या मात्र आठच. बाळ कंटाळतं, नजर वळवायला लागतं. मग १६ ठिपके येतात आणि बाळ पुन्हा टक लावून बघतं. म्हणजे काहीतरी बदललं हे त्याला कळलं. पण ८ नंतर १२ दाखवले तर त्याला नवीन काही वाटत नाही. दुपटीचा फरक कळतो, दिडीचा नाही. नऊ महिन्यांचं झालं की दिडीचाही कळायला लागतो. २००९ साली वेरोनीक इझार आणि सहकाऱ्यांनी तर जेमतेम दोन दिवसांच्या अर्भकांवर काम केलं. चार-चार अक्षरांचे किंवा बारा-बारा अक्षरांचे आवाज ऐकवले, सोबत चार किंवा बारा आकृत्यांची चित्रं दाखवली. ऐकलेल्या संख्येशी जुळणाऱ्या चित्राकडे अर्भकं जास्त वेळ बघत राहिली. कानाने आलेली ‘किती’ आणि डोळ्याने आलेली ‘किती’ आत कुठेतरी एकत्र येतात, तेही जन्मल्या जन्मल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो निबंध दोनदा तपासून पाहिला होता.

प्राण्यांकडे वळण्याआधी हान्स घोड्याची गोष्ट सांगायलाच हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये व्हिल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. योग्य आकडा आला की समोरच्या माणसाच्या मानेत, चेहऱ्यावर नकळत जो बारीक बदल होतो, तो पाहून हान्स थांबत होता. त्याची नजर अफाट होती, संख्येशी मात्र तिचा संबंध नव्हता. तेव्हापासून या क्षेत्रात कुठलाही दावा आला की पहिला प्रश्न हाच असतो: प्राणी संख्येवरून ठरवतोय, की संख्येसोबत येणाऱ्या दुसऱ्या कशावरून?

हा प्रश्न नीट हाताळलेली काही कामं आहेत. कॅरन मॅकोम्ब आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली सेरेंगेटीत सिंहिणींना अनोळखी सिंहिणींच्या डरकाळ्या ध्वनिक्षेपकावरून ऐकवल्या, कधी एकीची, कधी तिघींची. तिघींचा आवाज आला की सिंहिणी सावध होत, हळू पुढे सरकत किंवा जातच नसत. आपण संख्येने वरचढ असलो तरच त्या आवाजाच्या दिशेने जात. इथे जीव पणाला असतो, त्यामुळे ‘ते किती, आपण किती’ हा हिशेब चुकवून चालत नाही. चांदवा पक्षी आपल्या तळ्यांवर हिवाळ्यात भरपूर दिसतो, काही भागांत त्याला वारकरी म्हणतात. त्याची अमेरिकेतली जात दुसरीच्या घरट्यात अंडी घालण्यात पटाईत आहे. ब्रूस लायन यांनी २००३ साली दाखवलं की काही माद्या परकी अंडी ओळखतात आणि आपली अंडी किती झाली यावरूनच अंडी घालणं थांबवतात. घरट्यातल्या एकूण अंड्यांवरून त्या ठरवत नाहीत. मधमाश्यांचंही आहे. बंगळूरमध्ये शिकलेले मंड्यम श्रीनिवासन आणि मारी डाके यांनी २००८ साली मधमाश्यांना बोगद्यातल्या अमुकव्या खुणेपाशी साखरपाणी मिळतं असं शिकवलं. खुणांमधलं अंतर बदललं तरी माश्या योग्य खुणेपाशीच शोधत. मजल चार खुणांपर्यंत. तीळभर मेंदूचा जीव आणि पुन्हा तोच चार.

माकडांत हे मोठ्या संख्यांपर्यंत जातं. एलिझाबेथ ब्रॅनन आणि हर्बर्ट टेरेस यांनी १९९८ साली दोन ऱ्हीसस माकडांना एक ते चार वस्तूंची चित्रं चढत्या क्रमाने स्पर्श करायला शिकवली. पुढे पाच ते नऊ वस्तूंची कधीच न शिकवलेली चित्रं आली तेव्हाही त्यांनी क्रम लावला. आणि चुका कुठे झाल्या? जिथे दोन संख्यांचं प्रमाण जवळचं होतं तिथे. आमच्या पडद्यासमोर बसलेले पदवीचे विद्यार्थीही तिथेच चुकतात.

डोक्यात हे कुठे घडतं, तेही आता बऱ्यापैकी कळलं आहे. आंद्रेआस नीडर यांनी २००२ साली माकडांच्या मेंदूच्या पुढच्या भागात अशा पेशी दाखवल्या की एखादी तीन वस्तू दिसल्या की सर्वांत जोरात चेतते, एखादी चार दिसल्या की. चाराची पेशी तीनाला आणि पाचालाही थोडी चेतते, दोनाला आणखी कमी. आणि पेशीची आवडती संख्या जितकी मोठी, तितका तिचा पसारा रुंद. ‘चाळीस-पन्नास’ मधली दरी कुठून येते याचं उत्तर बहुधा इथे आहे. अशाच पेशी नीडर यांच्या जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या प्रयोगशाळेत कावळ्यांतही मिळाल्या. कावळ्याच्या मेंदूला आपल्यासारखे बाह्यकाचे, म्हणजे मेंदूच्या वरच्या आवरणाचे, थर नसतात. आपला आणि त्यांचा समान पूर्वज ३० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. तरी दोघांच्या मेंदूने एकच तोडगा काढला. माणसातल्या एकेकट्या पेशींची नोंद २०१८ साली बॉनमध्ये झाली. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांच्या मेंदूत उपचाराची गरज म्हणून तारा बसवलेल्या होत्या, त्यांनी प्रयोगाला संमती दिली. त्याच गटाच्या २०२३ सालच्या कामात चारपर्यंतच्या संख्यांच्या पेशी जास्त नेमक्या आणि त्यापुढच्यांच्या सैल, असा भेद दिसला. यंत्रणा एकच की दोन, हा वाद आमच्यात जुना आहे. मी दोनच्या बाजूची, आणि या कामानंतर जास्तच.

आता एक आक्षेप, जो मी गंभीरपणे घेते. ठिपके जास्त असले की शाईही जास्त, व्यापलेली जागाही जास्त, गर्दीही जास्त. मग आपण संख्या पाहतो की हे बाकीचं? एकूण शाई सारखी ठेवायची तर प्रत्येक ठिपका लहान करावा लागतो. जागा सारखी ठेवली तर दाटी वाढते. सगळं एकाच वेळी बांधून ठेवणं गणिताने शक्यच नाही. काही संशोधक म्हणतात की ‘संख्येची जाणीव’ अशी वेगळी नाहीच, एकूण मोठेपणाची जाणीव आहे. माझं मत असं की या गोष्टींचा परिणाम होतो, पण संख्या त्यांच्यात विरघळून जात नाही. दोन ठिपके बारीक रेघेने जोडले की माणसं कमी ठिपके सांगतात. रेघेमुळे शाई वाढलेली असते, तरी उत्तर कमी येतं, कारण दोन वस्तूंची आता एकच वस्तू झालेली असते. डेव्हिड बर आणि जॉन रॉस यांनी २००८ साली दाखवलेला अनुभव तर विलक्षण आहे. मधल्या खुणेवर नजर खिळवून अर्धा मिनिट बघायचं, डावीकडे शेकडो ठिपके, उजवीकडे मोजकेच. मग दोन्हीकडे अगदी सारखे ठिपके येतात. डावीकडचे डोळ्यांदेखत कमी दिसतात, माहीत असूनही. उन्हातून घरात आल्यावर अंधार वाटावा तसे डोळे संख्येलाही सरावतात.

दाटी फारच झाली तर मात्र खेळ बदलतो. एकेक वस्तू सुटी दिसेनाशी झाली की मेंदू संख्या सोडतो आणि पोताकडे बघतो, कापडाची वीण बघावी तसा. जानेवारीत ज्वारीच्या रानावर भोरड्यांचा थवा वळतो तेव्हा हेच होतं. तो एकसंध काळं कापड होतो, आणि "किती?" या प्रश्नाचं उत्तर मनात उमटतच नाही.

यावरून पक्षीगणनेतलं सांगते. पहिल्याच वर्षी भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर थापट्या बदकांचा मोठा घोळका होता. मी दुर्बिणीतून बघून छातीठोकपणे "तीनशे" लिहिलं. संध्याकाळी सोबत्याने काढलेला फोटो छापून घेतला आणि त्यावर पेनाने एकेक टिंब देत मोजलं. साडेचारशेच्या वर निघाले. मला फार वाईट वाटलं, पण ही चूक माझी एकटीची नाही. मोठ्या संख्येचा अंदाज कमी येणं हा माणसांचा सर्वसाधारण कल आहे. ८ ला लोक ८ म्हणतात, ८० ला साठ-सत्तर. शिवाय बदकं एकमेकांना चिकटून बसली होती, आणि गोळा झालेल्या वस्तू कमी वाटतात. तीच बदकं समान अंतराने ओळीत पसरली असती तर मला जास्त वाटली असती. काठावर ओळीने चरणाऱ्या शेकाट्यांचा आकडा म्हणूनच बहुतेक नवे लोक फुगवून सांगतात.

यावर उपाय सोपा आहे आणि त्यामागचं तत्त्वही प्रयोगातून कळलेलं. थव्याच्या कडेचे वीस पक्षी खरोखर मोजायचे. त्या वीसांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवायचं, आणि तेवढा तुकडा थव्यावर किती वेळा बसतो ते पाहायचं. थवा मोठा असेल तर वीसावरून शंभराचा तुकडा पाडायचा. कडेला पक्षी विरळ असतात आणि मध्ये दाट, म्हणून एक तुकडा मध्येही मोजून घ्यायचा. हे नवे लोक हमखास विसरतात. इझार आणि स्तानिस्लास देहेन यांनी २००८ साली दाखवलं की माणसाला एकच नमुना दाखवून "हे ३०" सांगितलं तर त्याचे सगळेच अंदाज सुधारतात, अगदी शंभरापर्यंतचे. आणि ३० ठिपक्यांना मुद्दाम "२५" म्हणून सांगितलं तर सगळेच अंदाज खाली येतात. म्हणजे आतला ‘किती’ बऱ्यापैकी शाबूत असतो, त्याला आकड्याचं लेबल लावताना गडबड होते. म्हणून गणनेच्या आदल्या संध्याकाळी मी नव्या लोकांना मोजलेले फोटो दाखवते: हे पन्नास, हे दोनशे, हे पाचशे. तासाभरात अंदाज सरळ होतात. महिन्याभरात पुन्हा ढिले पडतात, तेव्हा हे दरवर्षी करावं लागतं.

लेबलावरून मुंडुरुकू लोक आठवतात. ब्राझीलमधल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या या समाजाच्या भाषेत पाचापर्यंतच संख्यानामं आहेत, आणि तीही बरीचशी ‘चार-पाच’ सारखी सैल वापरली जातात. पिएर पिका, देहेन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली त्यांच्यासोबत काम केलं. ठिपक्यांच्या दोन मोठ्या समूहांपैकी जास्त कुठे, हे ते फ्रेंच लोकांच्या तोडीने सांगत. पण डब्यात पाच-सहा ठिपके पडले आणि चार बाहेर आले असं पडद्यावर दाखवलं तर नेमके किती उरले, हे सांगताना ते अडखळत. अंदाज सगळ्यांना जन्मतः मिळतो. सहा आणि सात यांच्यात नेमका एकाचा फरक आहे, आणि तो साठ आणि एकसष्ट यांच्यातही तेवढाच आहे, हे मात्र शब्दांची माळ हातात आल्याशिवाय उमगत नाही. आपली मुलं दोन-अडीच वर्षांची असताना "एक, दोन, तीन" घडाघडा म्हणतात आणि "मला तीन बिस्किटं दे" म्हटलं की मूठभर देतात. शब्द आणि संख्या यांची गाठ पडायला पुढे वर्ष-दीड वर्ष जातं. घाई करू नये.

पालक हमखास विचारतात की अंदाज कच्चा असेल तर मूल गणितात मागे पडतं का. काही संबंध आहे. मानुएला पियाझ्झा यांच्या २०१० सालच्या अभ्यासात गणन-अक्षमता, म्हणजे आकडेमोड शिकण्यात खास अडचण, असलेल्या दहा वर्षांच्या मुलांचा अंदाज इतर पाच वर्षांच्या मुलांएवढा निघाला. पण ठिपक्यांचे खेळ खेळवून गणित सुधारतं, याचा पुरावा डळमळीत आहे. असे महागडे अ‍ॅप विकत घेण्याआधी मुलासोबत रोजच्या गोष्टी करा: "डब्यात किती शेंगा असतील?" म्हणून आधी अंदाज सांगायचा आणि मग मोजायच्या. खरी अडचण वाटत असेल तर प्रशिक्षित विशेष शिक्षकांकडून तपासणी करून घ्या.

आता कावळा. जी गोष्ट सांगतात ती अशी: माळ्यावर शिकारी लपले की कावळा येत नाही. दोघं आत जाऊन एक बाहेर पडला तरी फसत नाही, तिघांना नाही, चौघांनाही नाही. पाच आत गेले आणि चार बाहेर आले की मात्र फसतो. ही ऐकीव कहाणी आहे, प्रयोग म्हणून तिची किंमत नाही. पण जर्मनीत ऑटो कोहलर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला डोमकावळ्यांवर काळजीपूर्वक काम केलं. याकोब नावाचा डोमकावळा दोन ते सहा ठिपके असलेल्या पाच डब्यांतून नमुन्याइतक्याच ठिपक्यांचा डबा उघडायचा, ठिपक्यांचे आकार आणि मांडणी कितीही बदलली तरी. आणि २०२४ साली ट्युबिंगनमध्ये कावळे त्याहून पुढे गेले. ठरावीक आकडा दिसला किंवा ठरावीक आवाज आला की एक, दोन, तीन किंवा चार वेळाच ओरडायचं आणि मग चोचीने पडद्यावर टकटक करून "झालं" कळवायचं, असं ते शिकले. पहिल्या ‘काव’च्या आवाजावरूनच पुढे एकूण किती होणार हे सांगता येत होतं, म्हणजे कावळ्याने ते आधीच ठरवलेलं असतं. तेव्हा चारपर्यंत म्हणणारी ती कहाणी, पुरावा नसतानाही, जागेच्या फार लांब नव्हती.

आणि तुमच्या आजी. अकरा कोंबड्या चाराच्या पलीकडे आहेत, त्यामुळे एकनजरी ओळख तिथे पुरत नाही. अंदाजाने नऊ आणि अकरा वेगळे ओळखणं तीक्ष्ण नजरेला कधी कधी जमेल, पण रोज, अंधारात, हलत्या कोंबड्यांत, न चुकता जमणार नाही. माझा कयास असा की त्यांना संख्या दिसतच नाही, त्यांना माणसं ओळखावी तशा कोंबड्या ओळखू येतात. तुऱ्याची तांबडी नाही, लंगडी करडी नाही, म्हणून ‘दोन’. गैरहजर कोण ते आधी, आकडा नंतर. मेंढरं राखणाऱ्यांबद्दलही माझा हाच अंदाज आहे.

पण माझ्या कयासावर विसंबू नका, तपासून बघा. एका संध्याकाळी आजींच्या नकळत त्यांच्या दोन कोंबड्या शेजारी ठेवा आणि शेजारच्या दोन, रंगाने मिळत्याजुळत्या, खुराड्यात सोडा. अकराच्या अकरा. त्या संख्येवरून ठरवत असतील तर निवांत दार लावतील. ओळखीवरून ठरवत असतील तर कडीला हात घालायच्या आधीच विचारतील, "या कुणाच्या गं?" काय झालं ते मला जरूर कळवा.